आधी खाट, मग भिंत

नकाशेवाले भाई आधी खाटा मांडायचे आणि मग भिंती काढायचे. लातुरात घराचे नकाशे काढणारे पुष्कळ झाले, पण ही उलटी रीत मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. बाकीचे प्लॉटची चौकट आखतात, खोल्या पाडतात आणि मग पलंग कुठं बसतो ते शोधत बसतात. भाई गिऱ्हाइकाला पहिला सवाल टाकायचे, "घरात झोपणारी माणसं कोण कोण? नावं सांगा." एक नाव आलं की एक खाट. सगळ्यांच्या खाटा पडल्या की मान वर करून विचारायचे, "आता सांगा, कुणाच्या आणि कुणाच्या मधी भिंत पाहिजे? आणि कशाला पाहिजे?"

मी चौथी शिकलेला गवंडी. मला नकाशा लागत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगत आलो. भिंत ओळंब्यात हाय की न्हाई हे मी लांबून बिडी ओढत सांगतो, आजही सांगतो. पण भाईंचा नकाशा आला की मी मुकाट्यानं हातात घ्यायचो. भूकंपानं आमच्याकडून लई माणसं नेली. हा एक माणूस तेवढा दिला.

त्यांचं गाव आमच्या गावाच्या शिवेला शीव लावून. दोन्ही गावं एकदमच पडली. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती होत्या, त्या निजलेल्यांच्या अंगावर आल्या. पुढं सरकारी पत्र्याच्या शेडात दोन-दोन कुटुंबं एका खणात टाकली. आमच्या आणि भाईंच्या मधी गोणपाट शिवून टांगलेला. अलीकडं मी आणि आमची घरची, पलीकडं भाई, भाभी आणि तान्हा सलीम. पहिल्या सकाळी त्या गोणपाटाच्या शिवणीतून एक हात आला, हातात चहाचा कप. मागून आवाज, "मिस्त्री, धरा की लवकर, हात भाजून राहिला." मी त्यांचा हात आधी बघितला, तोंड मागून. शेडात होतो तोवर तो हात रोज आला. एकदा मी कुरकुरलो, "ही कसली भिंत हो भाई, वाऱ्यानं हलती." पलीकडून म्हणाले, "हलती म्हणून तर झोप लागती, मिस्त्री."

खाटा आधी का मांडता, हे मी त्यांना एकदाच विचारलं. म्हणाले, "अम्मीची खाट भिंतीला होती. माझी दारात." एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढं त्यांनी गंजगोलाईच्या बाजारामागं टेबल टाकलं. आधी कागद, शाई, पट्टी. मग कॉम्प्युटर आला. मी म्हटलं, "आता हे भूत कशाला?" तर मला शेजारी बसवून दाखवायला लागले. पडद्यावर भिंत ओढायची, कोपऱ्याला कोपरा चिकटला की पुढची. चारी बाजू मिळाल्या की आत आपोआप पिवळा रंग भरायचा आणि मधी नाव लिहायला जागा यायची. म्हणजे मशीननं खोली मानली. कुठं बोटभर फट राहिली की रंग भरायचा नाही, नुसती पांढरी जागा. भाई चष्मा कपाळावर सारून, पडद्याला नाक लावून ती फट शोधायचे आणि सापडली की लहान पोरावानी हसायचे. खोलीत "बेडरूम" असं त्यांनी कधी लिहिलं नाही. "शांताबाई" लिहायचे, "दादाराव" लिहायचे.

मधली भिंत पुसली की मशीन दोन खोल्यांची एक करायचं आणि दोन नावांतलं एक उडवायचं. मुरुडचा एक जण आला होता. आई जाऊन वर्ष झालेलं, तिची खोली हॉलात घ्यायची होती. भाईंनी हात थांबवला. "भिंत काढतो, पण आईचं नाव जाईल. काढू का, तुम्ही सांगा." तो चिडला, "अहो भाई, नकाशा काढा की, कीर्तन कशाला लावता!" भाई हसून म्हणाले, "कीर्तन न्हाई हो. मला हाव, काढा म्हणा, मग पुसतो. माझ्या मनानं न्हाई पुसणार." त्या माणसानं पडद्यावरचं आईचं नाव वाचलं. मग "हाव" म्हणाला, आणि उठून बाहेर पाण्याच्या माठाशी जाऊन उभा राहिला.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. मुखेड, चाकूर, नांदेड, कुठकुठची लेकरं डॉक्टर व्हायला यायला लागली. चौकाचौकात मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो टांगले. ज्याच्या घरात दोन खोल्या होत्या त्याला सहा पाहिजे झाल्या. भाईंकडं रांग लागली, माझ्याकडंही. साडेचार इंची भिंती मी एवढ्या बांधल्या की थापी हातातून सुटायची नाही. पण भाईंचं बोलणं कमी झालं. नावं विचारली की गिऱ्हाईक म्हणायचं, "नावं कशाची भाई? पोरं दरसाली बदलतात. नंबर टाका." भाई नंबर टाकायचे. मोठ्या खोलीतून भिंत ओढली की मशीन जुनं नाव एका तुकड्यालाच ठेवायचं, दुसरा तुकडा बिननावाचा. भाई म्हणायचे, "मशीन इमानदार हाय, मिस्त्री. दुसऱ्या तुकड्याला विचारतंय, तू कोण?"

भाभी गेल्या. त्यानंतर एक दिवस भाईंनी मला दुकानात बोलावलं आणि पडद्यावर एक नकाशा दाखवला. त्यांचं स्वतःचं घर. सलीमला तिथं क्लासची पोरं भाड्यानं ठेवायची होती. त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही, सगळी गल्लीच ते करत होती. भाईंच्या आणि भाभींच्या खोलीच्या मधून नवी भिंत ओढलेली. इकडं एक नंबर, तिकडं दोन नंबर. मी एकेक खाट बघत गेलो. सलीम, सून, नात, मग पोरांच्या खाटा.

"तुमची कुठं हाय?" मी विचारलं.

त्यांनी जिन्याखालच्या बोळीवर बोट ठेवलं. तिथं खाट होती. भिंती नव्हत्या. जागा पांढरी.

"ह्याला खोली म्हणतात व्हय?"

"मशीन न्हाई म्हणत," भाई म्हणाले आणि चहा मागवला.

मी तडक सलीमकडं गेलो. तो म्हणाला, "मिस्त्रीचाचा, अब्बांनीच काढलंय हो. मी म्हटलं होतं एक खोली ठेवू. म्हणाले, मला दारात झोपायची सवय हाय." मी सांगितलं, ती भिंत माझ्या थापीनं होणार नाही. नाही म्हणजे नाही. दुसरा मिस्त्री आला आणि बांधून गेला. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं.

पण मीही आमच्या बापाचा. मुरुडला पोरानं प्लॉट घेतला होता, घर मी बांधायचं होतं. जन्मात पहिल्यांदा नकाशा काढून मागायला भाईंच्या पुढं बसलो. ते गालात हसले. "तुम्हाला लागत न्हाई ना नकाशा?" "तुम्ही काढा. नावं घ्या," मी म्हटलं. माझं नाव सांगितलं, घरचीचं, पोराचं, सुनेचं, नातवाचं. खाटा पडल्या. मग म्हटलं, "आणखी एक. माझ्या खोलीला लागून."

"कुणाची?"

"तुमची."

कपाळावरचा चष्मा भाईंनी डोळ्यांवर ओढला. मग खाट पडली. तिच्याभोवती भिंती ओढल्या, पिवळा रंग भरला, आत नाव लिहिलं. आणि मग माझ्या-त्यांच्या मधली भिंत धरून टोकाला वीतभर मागं घेतली. रंग उडाला. नावही गेलं.

"अहो, हे काय केलं? मशीन खोली मानंना आता."

"न मानू दे. गोणपाटाला कोण भिंत मानत होतं? कप जाईल एवढी फट ठेवतो, मिस्त्री." आणि त्या पांढऱ्या जागेत त्यांनी आपलं तेच नाव वरून पुन्हा टाईप केलं.

भाभींचा सागवानी पलंग बोळीत मावत नव्हता, अंगणात ताडपत्रीखाली पडून होता. मी टेम्पो केला. जोतं झालं होतं, भिंती नव्हत्या. पलंग नेऊन त्याच्या जागी मांडला, पावसापासून त्याच्यावर पत्रे झाकले आणि त्याच्याभोवती विटा चढवायला लागलो. मजूर हसत होते. हसू द्या. भाई म्हणाले होते, "पोरांच्या परीक्षा झाल्या की येतो. सकाळी नळाला गर्दी असती, सलीमला मदत होती माझी."

छताच्या फळ्या ठोकत होतो तेव्हा सलीमचा फोन आला. पहाटेच्या नमाजाला उठले नाहीत म्हणून बघायला गेला, तर बोळीतल्या खाटेवर भाई गेलेले. मी पोचलो तेव्हा क्लासला निघालेली पोरं पाठीवर दप्तरं घेऊन जिन्यात उभी होती. बोळीतून मयत निघेपर्यंत एकानंही पाऊल खाली टाकलं नाही. भाईंचं नाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं, देव जाणे.

घर मी पुरं केलं, नकाशाबरहुकूम. गिलावा करणाऱ्यानं ती फट चूक समजून विटांनी बुजवायला घेतली होती. ओल्या विटा मी माझ्या हातानं उपसल्या. सून म्हणाली, "मामंजी, पाली येतील." येऊ दे म्हटलं.

परीक्षा संपल्या, पोरं गावाला गेली, तेव्हा सलीम आला. आईचा पलंग त्याला न्यायचा होता. एक खोली मोकळी करतो म्हणाला, अब्बांच्या नावानं. आम्ही पलंग उचलला. आडवा केला, उभा केला, तिरपा केला. दारातून निघेना. जुन्या सुतारानं लाकडी मेखा ठोकून एकजीव केलेला, सुटाही होईना. भिंती त्याच्याभोवती चढलेल्या, निघणार कसा? सलीम घाम पुसत म्हणाला, "चाचा, भिंत फोडावी लागंल."

"फोड की," मी म्हटलं. "भिंत माझी हाय, नकाशा तुझ्या बापाचा हाय."

तो पलंगावर बसला. मी माझ्या खोलीत आलो. घरचीनं चहा केला होता. एक कप घेतला आणि फटीतून हात घातला.

"धर की लवकर," मी म्हटलं, "हात भाजून राहिला."

पलीकडं काही हललं नाही. मी हात तसाच धरून ठेवला. मग कप हातातून गेला.