उंच जीपवाला

अमरावतीच्या आमच्या भाजीबाजारात तो रोज सकाळी आईला घेऊन येतो. जीप मुद्दाम उंच करून घेतलेली, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. आल्यावर आधी मागून प्लास्टिकचं स्टूल काढतो, दाराखाली ठेवतो आणि आईचा हात धरून तिला अलगद उतरवतो. मुलगा मोठा गुणी.

“काहून केली रे एवढी उंच?” मी एकदा विचारलं.

“धारणीकडचे रस्ते लय खराब हायेत ना, काकू.”

“कितीदा गेला तिकडे?”

“अजून जाणं नाई झालं.”

परवा वाहतूक पोलिसानं त्याला हटकलं. असे टायर रस्त्यावर चालत नाहीत, म्हणाला. हा खिडकीतून खाली बघत हसला. “उलट सेफ हाय, साहेब. वरून समदं दिसते.” आणि बाजूला लावायला त्यानं गाडी पुढे काढली.

भाजी घेऊन दमलेली आई जीपसमोरच्या सावलीत, त्याच स्टुलावर बसली होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. गाडी वीतभर अंतरावर थांबली. तो पांढराफटक होऊन खाली धावला.

“टायर बदलव बाप्पा आता,” आई एवढंच म्हणाली. त्यानं मान डोलावली.

आज सकाळी जीप आली. तेवढीच उंच. स्टूल निघालं, आई अलगद उतरली. तिच्या गळ्यात नवी शिट्टी होती.