फकरोद्दीनच्या जीपचा जोर

जाफराबाद ते जालना या रस्त्यावर फकरोद्दीननं उभी हयात काळी-पिवळी जीप चालवली. नऊ जणांच्या जागेत तो सोळा जण बसवायचा, आणखी दोघं मागच्या फळीवर उभे राहायचे, आणि तरी गाडी भरली असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. गाडी मात्र तो संथ हाकायचा. जरा दाबली की मागून कुणीतरी म्हणायचं, आम्हाला लग्नाला जायचंय, मयतीला न्हाई. त्यामुळं एकदा तरी कुणाच्या पुढं निघून जावं ही इच्छा बरीच वर्षं त्याच्या मनात तशीच पडून होती. जुबेदालाही त्यानं ती सांगितली नव्हती.

परमिटची मुदत संपली, नवं मिळेना, आणि जीप घरासमोर उभी राहिली. ती आता भंगारात जाईल असं जुबेदा धरून चालली होती. पण बसस्टँडमागं गॅरेज असलेला कल्याण, फकरोद्दीनचा जुना दोस्त, एक बातमी घेऊन आला. जालन्याजवळ एका बंद कारखान्याच्या आवारात गाड्यांची शर्यत होती. सरळ सिमेंटचा रस्ता, दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, मधे थांबा नाही. फकरोद्दीनला हे फार आवडलं. त्याचं सगळं आयुष्य वळणात आणि थांब्यांवर गेलं होतं.

कुठल्याही आजारावर मोठं इंजिन हे औषध, असं कल्याणचं मत. त्यानं अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणलं आणि महिनाभर खपून जीपमध्ये बसवलं. जीप सुरू केली की शेजारच्यांची भांडी मांडणीवरून सरकायची. जुबेदानं एकदा बाहेर येऊन ते ऐकलं, "इत्ता जोर लेके तुम जाते किधर?" एवढं विचारलं आणि आत गेली.

शर्यतीत त्याची गाठ अंबडच्या प्रितमशी पडली. पोरगा शांत, गाडी साधी, इंजिन फकरोद्दीनच्या निम्म्या ताकदीचं. झेंडा पडला. फकरोद्दीननं पाय तळापर्यंत दाबला. इंजिन गरजलं, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, धूर निघाला आणि रबराचा वास सुटला. जीप रागानं थरथरत होती, पण जागा सोडत नव्हती. ती निघाली तेव्हा प्रितम पोचून, गाडी वळवून, काय झालं ते बघायला परत येत होता. लोकांनी प्रितमपेक्षा धुराला जास्त टाळ्या दिल्या. फकरोद्दीननं काच वर केली आणि धूर विरेपर्यंत आत बसून राहिला.

कल्याणचं म्हणणं पडलं की अजून जोर पाहिजे. फकरोद्दीननं जीप घराकडं वळवली.

परतताना एका फाट्यावर त्याच्या जुन्या सवाऱ्या उभ्या होत्या. सोनूबाई होती, अप्पाराव होते, बाजार करून निघालेली आणखी पाच-सहा माणसं होती. आता भाडं घेता येत नाही हे त्यानं सांगितलं. मंग तर उत्तमच, म्हणत सगळे मागं चढले. चढ लागला. डोक्यात शर्यतच होती, म्हणून फकरोद्दीननं रागारागानं पाय दाबला, आणि जीप तोफेच्या गोळ्यासारखी सुटली. सोनूबाईची वांगी अप्पारावांच्या धोतरात गेली.

फकरोद्दीननं गाडी कडेला घेतली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. रिकामी जीप त्यानं पुन्हा तशीच दाबली. चाकं फिरली, धूर निघाला. मग त्यानं सगळ्यांना परत बसवलं. जीप सुटली. त्यानं पुन्हा उतरवलं.

"फकरू," सोनूबाई वांगी वेचत म्हणाली, "तुला कुठं घेऊन जायचंय का आमाला, का इथंच चढउतार करायची?"

"बाई, आज कळलं," फकरोद्दीन म्हणाला. "जोर इंजिनात हाय, पण रस्ता धरून तुम्ही बसल्ता."

सोनूबाईला हे कौतुक वाटलं नाही.

पुढच्या शर्यतीला माणसं बसवू द्या म्हणून त्यानं विनंती केली. आयोजकांनी ती ऐकून घेतली आणि फेटाळली. वजन चालेल, पण घट्ट बांधलेलं, असं ते म्हणाले. मग कल्याणनं मागं लोखंडी पेटी जोडली आणि तिच्यात भंगार भरलं. पहिल्या दिवशी इतकं भरलं की जीपचं नाक आभाळाकडं गेलं आणि स्टिअरिंग कुठंही फिरवलं तरी गाडीला पत्ता लागेना. भंगार काढत, घालत, ते माणसांच्या हिशोबानं मोजू लागले. शेवटी चार सोनूबाई आणि एक अप्पाराव हे माप बरोबर बसलं. सोनूबाईच्या कानावर हे जाणार नाही याची दोघांनी खबरदारी घेतली. पाय कसा दाबायचा हेही फकरोद्दीन नव्यानं शिकला. अंड्यांची पाटी घेतलेली बाई मागं असली की तो जसा दाबायचा तसा, आधी अलगद, चाकानं रस्ता धरला की मग पुरा.

दुसऱ्या शर्यतीत पुन्हा प्रितमच समोर आला. झेंडा पडला, आणि धूर पाहायला पुढं सरकलेल्या लोकांना काहीच दिसलं नाही. जीप गेली होती. अर्ध्या वाटेपर्यंत फकरोद्दीनच्या पुढं फक्त रस्ता होता. मग भंगाराचं वजन जाणवू लागलं आणि प्रितम खिडकीला खिडकी लावून आला. दोघं बरोबरच गेल्यासारखे दिसले. पंचांनी फोनवरचं चित्रण तीनदा पाहिलं आणि फकरोद्दीनची जीप बंपरभर पुढं असल्याचं जाहीर केलं. प्रितमनं येऊन हात मिळवला. फकरोद्दीननं त्याला चहा पाजला. पुढच्या फेरीत फकरोद्दीन हरला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी आयोजकांनी जादा वजनावर बंदी घातली. चांगला नियम हाय, आपलं वय झालं, आता बस्स, असं फकरोद्दीननं कल्याणला सांगितलं. जुबेदानंही ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं. त्याच आठवड्यात तो जालन्याला जाऊन मागच्या चाकांना रस्ता धरणारे रुंद टायर बसवून आला.