डोलकाठीवरची टिकली

अलिबागच्या एका गृहस्थाने मला शिडाची बोट विकताना फसवलं. बोट जुनी होती म्हणून नव्हे. ते त्याने आधीच सांगितलं होतं. आम्ही तीन तास घासाघीस केली. मी शिडं उलगडून पाहिली, तारा नखाने खरवडून पाहिल्या, आणि निघताना नांगर आणि दोन वल्ही वरून मागून घेतली. त्याने कुरकुर न करता दिली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझं आयुष्य द्राक्षबागांचे मांडव उभारण्यात गेलं. दुसऱ्यांच्या हाताखाली तारा ओढत सुरुवात केली, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. तारेचा ताण मला अंगठ्याने कळतो. त्यामुळे गंगापूर धरणावर बोट पाण्यात सोडली आणि डोलकाठी डुलायला लागली, तेव्हा मी घाबरलो नाही. तिला तिन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा आवळल्या. पुढच्या रविवारी त्या पुन्हा ढिल्या.

बायकोने काठावर सतरंजी टाकली होती. "काठी हलायची थांबली की बोलवा," ती म्हणाली. "तोवर मी शेंगा खाते."

मी त्या गृहस्थाला फोन केला.

"शेठ, तारा नव्या आहेत, थोड्या लांबणारच," तो म्हणाला. "ताण देत राहा."

मी देत राहिलो. चौथ्या रविवारी तारा आवळायचे आटे संपत आले आणि शेंगाही. मी पाना आपटला.

"अहो, बागेत तार ढिली पडली की आधी काय बघता?" बायकोने विचारलं.

"खांब खचलाय का ते."

"मग इथे तारेच्याच मागे का लागलात?"

"अगं, हा खांब जमिनीत नाही, बोटीत आहे."

"बोटीला तळ नसतो का?"

बागेत आम्ही खांबावर जमिनीलगत चुन्याची रेघ मारतो. रेघ मातीत गेली की खांब खचला. इथे चुना नव्हता. डोलकाठी बसायच्या फळीतल्या भोकातून खाली तळाला जाते. बायकोने कपाळावरची टिकली काढून काठीवर, फळीच्या जरा वर चिकटवली. मी प्रत्येक तारेला दोन आटे दिले. टिकली फळीखाली गेली.

काठी उचलून काढली. तिच्या बुडाखाली रबराचा तुकडा होता, चकचकीत नव्या खिळ्यांनी ठोकलेला. तो उचकटला, तर खालचा लाकडी ठोकळा चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखा हातात आला. महिनाभर मीच ताण देऊन काठी त्यात रुतवत होतो. आम्ही दोघं हसत सुटलो. पाना मात्र मी पुन्हा आपटला.

सिन्नरच्या सुताराने बाभळीचा ठोकळा करून दिला. पुढच्या रविवारी तार छेडली तर तंबोऱ्यासारखी वाजली. बायको बोटीत बसली. शिडात वारा भरला, बोट कलली, तिने माझा दंड धरला आणि मग सोडला. काठाजवळ आलो की "अजून एक चक्कर," असं तिने तीनदा म्हटलं. टिकली अजून तिथेच आहे, आता फळीच्या दोन बोटं वर.

फक्त बोटीत कोणी पाहुणा बसला की ती हटकून विचारते, "बागेचा खांब घेताना बूड बघता, मग ही बोट काठीचं बूड न बघता कशी घेतलीत?"

लाकूड कुजतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नवे खिळे मारणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक होतं, आणि तोच मला ताण देत राहा म्हणाला. त्याने एका रविवारी इथे यावं, बोटीत बसावं, आणि माझ्या बायकोसमोर सांगावं: ते रबर कशासाठी ठोकलं होतं?