चिंचेने घासलेली दारं

आमच्या इथल्या, परदेशातल्या एश्बॉर्नच्या घरात फायरप्लेसला पितळी दारं आहेत. इतकी चकचकीत, की त्यांत मला माझं टक्कल दिसायचं. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या आईने ती देवाच्या भांड्यांसारखी चिंचेने घासली. जमिनीवर बसून, हात पोचला तिथपर्यंतच. पितळेवरचा लॅकरचा संरक्षक थर निघाला, डाग पडले. मी तिला नको तेवढं बोललो. ती परत गेली आणि दिवाळीआधी वारली.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आत मी दारं काळी करायला घेतली. बायको म्हणाली, "अहो, खालचं तेवढं राहू द्या ना."

मी वरचाच अर्धा भाग रंगवला. पाहुण्यांना सांगतो, रंग संपला. माझा आळस सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढे कुणी विचारत नाही.