गोपिकेचा ळ

...नाही वं चारू, आधी माहं नाव नको लिहू, तिचं लिही. गोपिका. तुह्या आबाजीची लहान बहीण, माही नणंद. आन एक ऐकून घे, मंग पुढं जाऊ. माह्या तोंडून 'डोया' निघन, तू 'डोळा' लिहीत जा. 'शाया' म्हटलं तर शाळा लिही, 'डाय' म्हटलं तर डाळ लिही. आपल्या इकडच्या माणसाच्या तोंडात ळ बसत नाही, त्याचा य होऊन जाते. वाचणाऱ्यानं कायले तरास घ्यावा. जिथं मी सांगीन की इथं य च ठेव, तिथंच ठेवजो. काहून, ते पुढं समजन.

तर सदुसष्ट सालची गोष्ट. गोपिकेच्या नवऱ्यानं दुसरी आणली आन ही एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या पाचपावलीच्या घरी आली. चोवीस वर्षाची होती. रडत नव्हती आली. पेटी ठेवली, पदर खोचला आन म्हणे, "वहिनी, मी बसून खाणार नाही." शाळा तिची चौथीपर्यंत. माही तर तेवढीही नाही. आठ दिवसात तिनं स्वतःच काम पाहिलं. इतवारीत पुस्तकं बांधायचं एक दुकान होतं, तिथं बायका फर्मे दुमडत.

फर्मा म्हणजे चादरीएवढा छापलेला कागद. घड्या घालत गेलं की त्याची सोळा पानं होतात. असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक शिवले की झालं पुस्तक. पण एका बाईले एकच फर्मा देत, हजार-हजार कागद. म्हणजे दिवसभर तेच सोळा पानं.

बाकीच्या बायका दुमडत आन गप्पा मारत. ही दुमडता दुमडता वाचे. एका कादंबरीचं एक्क्याऐंशीपासून शहाण्णवपर्यंतचं पान तिले तोंडपाठ. पण आधी काय झालं आन नंतर काय झालं, ते दुसऱ्या बायांच्या हातात. घरी येऊन सांगे, "वहिनी, एक बाई स्टेशनावर उभी आहे. हातात पत्र आहे."

"कोणाचं वं?"

"ते पाचव्या फर्म्यात असन."

"मंग बसते काय ती गाडीत?"

"ते सातव्यात."

असा जीव टांगून ठेवे माहा. भाकर थापता थापता मी त्या बाईचाच विचार करत राहू.

त्या पानातून ती शब्द आणे. कोणी बजारातून भाजी आणते, तशी. दुकानात कागदाच्या कडा कापल्या की लांब पट्ट्या निघत, त्याच्यावर लिहून आणे. अर्थ कोणाले विचारे नाही, बायका हासतीन म्हणून. आजूबाजूचं वाक्य पाहून स्वतःच लावे.

पहिला मोठा शब्द आणला तो 'उद्विग्न'. पानावर लिहिलं होतं की तो माणूस उद्विग्न होऊन उठला आन घाईघाईनं बाहेर गेला. दोन जागी तसंच. हिनं काय अर्थ लावला सांगू? हिले वाटलं, पोट बिघडून बाहेर पळावं लागते, त्याले उद्विग्न म्हणत असतीन. एक दिवस तुह्या आबाजीच्या मिलमधले गणपतराव त्यायले भेटाले आले. ही दारातून म्हणे, "बसा भाऊजी. भाऊ उद्विग्न झाले. लोटा घेऊन गेले, येतेच आता."

दुसऱ्या दिवशी सारी मिल आबाजीले विचारे, "मारोतराव, एवढं कायचं दुःख झालं गा तुले?" घरी येऊन असे तापले की काय सांगू. "तुहे शब्द तुह्याजवळ ठेव, माह्या अंगावर नको टाकत जाऊ," म्हणे.

दोन महिन्यानं दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा आला. त्याच्यात एक बाई उद्विग्न मनानं खाटेवर पडून होती. गोपिका आली, पाय धुतले आन माह्यापुढं येऊन बसली. "वहिनी, चुकलं. त्याच्यात लोट्याचा संबंधच नाही. मनाची गोष्ट आहे. ज्याले कोठंच करमत नाही, त्याचं." तवापासून तिनं नेम केला. शब्द एका पुस्तकात भेटला तर नुसती ओळख. तीन पुस्तकात भेटला तर आपला, मंगच तोंडात घ्यायचा.

मलेही एक दिला तिनं. माहा भाऊ भाऊबीज करून गावाले परत गेला आन मी तेच आंगण तिसऱ्यांदा झाडून राहिली होती. ती म्हणे, "वहिनी, तुले हुरहूर लागली." मी म्हटलं, ते काय असते? तिनं सांगितलं. आता पाह्य, लग्न होऊन बारा वर्षं झाले होते, दर साली भाऊ गेला की मले ते होत होतं, आन त्याले नाव आहे हेच मले माहीत नव्हतं. मी समजत होती, मले एकटीलेच होते.

आता खरी गोष्ट ऐक. दुकानाच्या वर छापखाना होता. तिथं नानाजी म्हणून म्हातारे गृहस्थ चुका काढायले बसत. छापलेला कागद नानाजीपुढं. आन बाजूच्या खुर्चीवर एक माणूस लेखकाच्या हाताची मूळ कॉपी मोठ्यानं वाचे. नानाजी ऐकत जाय आन छपाईत चुकलं तिथं खूण करत जाय. तो वाचणारा माणूस भिलाईले नोकरीवर गेला. खुर्ची खाली झाली.

गोपिका मले म्हणे, "वहिनी, त्या खुर्चीवर बसलं की पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही फर्मा सुटणार नाही. मले ती खुर्ची पाहिजे."

मी म्हटलं, "तिथं कोणी बाई बसली काय आजपर्यंत?"

"नाही बसली. मी विचारीन."

आन गेली वर. नानाजीनं चष्म्यावरून पाहिलं, चौथी पास ऐकून एक पान हाती दिलं. "वाचा." पानावर लिहिलं होतं, 'तिने गळ्यातली माळ काढून उशाशी ठेवली.' आन हिनं खणखणीत आवाजात वाचलं... इथं चारू, य लिही बरं... "तिने गयातली माय काढून उशाशी ठेवली."

छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे चार माणसं होते, चारही हासले. एक म्हणे, "अवं बाई, माय गळ्यात होती तं बाप कोठं होता?"

नानाजी नाही हासले. ते म्हणे, "बाई, तुम्ही शब्दाला अडखळत नाही. पण मी पाहत नाही, मी ऐकतो. तुम्ही माय म्हणाल, तर मी माय ठेवीन. पुस्तकात माय छापून येईल." पोळ्यापर्यंत मालकाचा भाचा वाचणार होता, त्याच्यानंतर नवीन माणूस ठेवणार होते. "तोवर जमलं तर या," म्हणे.

घरी आली. मले वाटलं आता रडन. तिनं डाळ निवडायले घेतली आन म्हणे, "वहिनी, मले आज समजलं. माहे सारे शब्द डोळ्यात आहेत. तोंडात एकही नाही." बरोबर होतं तिचं. पानावर ळ दिसे, ओळखता येत होता, पण जीभ आपली घरचीच.

पोळ्याले तीन महिने होते. तिनं मले कामाले लावलं. सकाळी मी चुलीपुढं, तिच्याकडं पाठ करून. ती पाठीमागून माय नाहीतर माळ म्हणे आन मी सांगायचं, आई की गळ्यातली. मी म्हणू, "आई." ती म्हणे, "नाही, गळ्यातली." पुन्हा म्हणे. मी म्हणू, "आई." मले दोन्ही एकच ऐकू येत होतं वं. एक महिना असाच गेला. जिभेचं टोक उलटं करून टाळूले लावायचं, हे तिनं रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून शोधलं. बोलून बोलून जिभेखाली छाले पडले, तरी सोडलं नाही. तुहा बाप तवा दुसरीत होता, तोही ळळळ करत फिरे. आबाजी म्हणत, "घरात कोणी साधं बोलणारं उरलं असन तर मले जेवाले वाढा."

आन एका सकाळी तिनं म्हटलं आन मी मागं न पाहता बोलली, "गळ्यातली." दुसरं म्हटलं. "आई." वीसातले वीस बरोबर. मी पोळपाट सोडून तिच्याकडं पाहिलं. माह्या तोंडातून आजही य च निघते, पण ऐकू मात्र तवापासून येते.

गल्लीत गोष्ट पसरली. नळावर सिंधूताई टोमणा मारे, "काय वं गोपिके, आता पुण्याची झाली काय? आमच्या बोलीची लाज वाटते तुले?"

गोपिकेनं पाण्याची गुंडी भरली, डोक्यावर घेतली, मंग बोलली... इथंही य ठेव, चारू... "लाज कायची ताई? तुह्याशी बोलताना डायच म्हणीन, कामावर डाळ म्हणीन. मले दोन्ही पाहिजे."

सिंधूताई म्हणे, "पाह्य बाप्पा, एका तोंडात दोन तोंडं." पण पाणी भरताना तीही हळूच जीभ वळवून पाहत होती. मी पाहिलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी गोपिका पुन्हा वर गेली. तेच माणसं, तेच नानाजी. ह्या वेळी पूर्ण तीन पानं दिले. काळोख, ओंजळ, वादळ, सारे ळ ह्या पानांतच येऊन बसले होते. एकही चुकला नाही. आन तिसऱ्या पानावर एक खेड्यातली म्हातारी बोलत होती. लेखकानं लिहिलं होतं, 'माय वं, किती वाट पाहू?' गोपिका इतकी भ्याली होती य ले, की तिनं वाचलं, "माळ वं, किती वाट पाहू?"

खिळेवाल्याच्या तोंडून फसकन हासू निघालं. नानाजीचा पेन्सिलीचा हात वर झाला. आन त्यायनं काही म्हणायच्या आधी हिनंच स्वतःले थांबवलं. "थांबा. चुकलं. इथं मायच आहे. ही बाई आमच्याकडची आहे."

नानाजीनं पेन्सिल खाली ठेवली. म्हणे, "तीन महिन्यांपूर्वी तुम्ही चुकलात ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. आज माझ्याआधी ऐकू आलं. मला एवढंच पाहिजे होतं. सोमवारपासून या."

ती त्या खुर्चीवर सतरा वर्षं बसली. चारू, सतरा. संध्याकाळी येऊन पहिल्या पानापासून सांगे, मी पोळ्या लाटता लाटता ऐकू. स्टेशनावरची ती बाई गाडीत बसली नाही, पत्र फाडून घरी गेली, हेही मले तवाच समजलं. दुसऱ्या आवृत्तीत ते पुस्तक पूर्ण तिच्या तोंडून गेलं. नानाजी एखाद्या शब्दाले अडकले तर ते तिले विचारत, "गोपिकाबाई, हा शब्द अजून कुठे पाहिला तुम्ही?" आन ती पुस्तकाचं नाव सांगे.

आता ती मौद्याले आहे, चारूच्या रवींद्रकाकाकडं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणते, पट्टी निघाली. चारू तर परीक्षा झाल्याशिवाय जाणार नाही, माहे पाय आता मोटारीच्या पायरीवर चढत नाही. म्हणून हे वाचणारं कोणी मौद्याकडचं असन, तर तिले माहा निरोप देजा. म्हणावं, दिवाळी झाली की चष्मा घेऊन महिनाभर ये. सिंधूताईच्या नातीनं एक जाडजूड कादंबरी आणून दिली आहे, आन ह्या घरात कोणाले वाचून दाखवायले वेळ नाही.