दुआचं कडू पाणी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. सुरैनी श्वास रोखून बसली आहे. समोरच्या यंत्रात, उणे वीस अंशांत, झेब्रा माशाचा गोठवलेला मेंदू आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. पात्यावरून निघणारी चकती इतकी पातळ, की उच्छ्वासानंही गुंडाळून जाते. कुंचल्यानं ती काचेवर बसवायची, मग रंगवायची. अफूच्या जातीची रसायनं मेंदूत जिथे चिकटतात तिथे तपकिरी ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांचा नकाशा करायचा. पिनांगच्या या प्रयोगशाळेत तिचं हेच काम.

हल्ली माशांच्या निम्म्या टाक्यांत केतुमच्या, म्हणजे अफूसारखी नशा आणणाऱ्या झाडाच्या, पाल्याचा अर्क घालतात. हा पाला सुरैनीच्या बालिक पुलाऊ गावातल्या घरामागेही आहे, झाड भरून. तिचा धाकटा भाऊ बद्रुल त्याचा काढा पाण्यासारखा पितो. बोटीचा तांडेल पाक हमदान त्याला म्हणाला होता, "आठवडाभर पाला सोडून दाखव, मग बोटीवर कामाला ये."

पहिले दोन दिवस बद्रुलचं नाक गळत होतं, झोपेत पाय झटके देत होते. तिसऱ्या दिवशी आईनं मशिदीतून दुआ फुंकलेलं पाणी आणलं. आईला दोघं मक म्हणतात. त्या सकाळपासून पाय शांत.

काल सुट्टी म्हणून सुरैनी घरी गेली, तेव्हा बद्रुल बाटली तोंडाला लावून बसला होता.

"मक, हे पाणी कडू का गं?"

"दुआ आहे ती. तुझ्यासारख्याला कडूच लागणार."

तो हसला, बाटली संपवली आणि जाळी दुरुस्त करायला ओट्यावर गेला.

सुरैनीनं चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. "मक, हा तर पालाच उकळलायस!"

"मग? दुआचं पाणी वरून घातलंय ना. तुझ्या आजोबांची अफू या पाल्यानंच सुटली."

"आणि त्यांचा पाला कशानं सुटला?"

मकचे हात मिरच्या निवडतच राहिले. "तू तिकडे शहरात झोपतेस. त्याचे पाय मी धरते."

सुरैनी ओट्यावर आली. धाकट्या भावाला ती अदिक म्हणते, तो तिला कक, म्हणजे ताई. "अदिक, बाटलीत काय असतं ते माहीत आहे ना तुला?"

"कक, तुझ्या नकाशात पाला चिकटतो ती जागा कुठे आहे ते दाखव. काढून टाकतो, कटकट नको."

"एक जागा नाही रे. आणि तसल्या जागा पाला न घातलेल्या माशांतही असतात. तुझ्यात, माझ्यात, मकमध्ये."

"मग माझ्या एकट्याच्याच नावानं का बोंबलतेस?"

पाक हमदानला सांगावं तर भावाची बोट जाते. न सांगावं तर पाला राहतो. पाक हमदानला न भेटताच ती दुपारच्या बसनं परत आली.

आज आठवडा पुरा झाला. मघाशी मकचा फोन आला होता, आवाज खुशीत: पाक हमदाननं बद्रुलला बोटीवर घेतलं. बद्रुलचा डबा ठरला आहे, भात आणि तळलेला बांगडा. सोबत दुआच्या पाण्याच्या दोन बाटल्या. बोट उद्या पहाटे साडेपाचला सुटते. सुरैनीच्या पात्याखाली पुढचा मेंदू उद्याही आठ वाजून दहा मिनिटांनीच येईल.