बाजाराच्या दिवसाची गोळी

गॅसवर दूध ठेवून मोबाइल पाहत बसणाऱ्यांनो, आधी उठा, दूध उतू गेलं असन. मंग हे वाचा. मी सांगून राह्यले, सून टाइप करून राह्यली.

माही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मले वाचता येत नाही, म्हणून खूण धरली होती: आमच्या धाड गावचा आठवडी बाजार भरला की गोळी. या आठवड्यात मतदानामुळे बाजार आधीच भरला. मी गोळी घेतली. मंग नेहमीच्या दिवशी भाजीवाल्या पुन्हा बसल्या. मी पुन्हा घेतली!

आज सकाळी चहाचा घोट घेतला अन् तोंडात आग लागली. सुनेनं बॅटरी लावून पाह्यलं, तर सारं तोंड आलेलं.

"आई, गोळी कधी घेतली?"

मी सांगितलं, तसा तिचा चेहराच उतरला.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं रक्त काढलं. म्हणे, या गोळीनं रोगाशी लढायची ताकद कमी होते. जास्त झाली तर साधा तापही भारी पडतो. सध्या गोळी बंद. ताप आला तर लगेच या. रिपोर्ट उद्या.

तवापासून मी घडीघडी कपाळाले हात लावून राह्यले.

"आई, चुलीवर शेकलेला हात लावाल तर ताप लागनच!" सून म्हणते.

हसू येते, पण तोंड उघडत नाही. अन् भेव जात नाही.

तुमच्या घरच्या म्हातारीची गोळी कोण ध्यानात ठेवते, हो?

भेटायले येऊ नका, खोकला घेऊन तर नाहीच. ज्वारीच्या कण्या पाठवा. मऊ शिजवून, निववून, अन् मिरचीचं बोटही न लावता.